मुलींच्या शाळेत ओढणी कुणासाठी?

जून उजाडला की धाराशिव जिल्ह्यातल्या बेंबळी आणि आसपासच्या गावांत घरोघरी दोन खर्च एकदम उभे राहतात. एक सोयाबीनच्या बियाण्याचा आणि खताचा, दुसरा लेकरांच्या वह्या, दप्तर आणि ड्रेसचा. याच दिवसांत पालकसभेत, पारावर, चहाच्या हॉटेलात एक मत हमखास कानावर येतं. मुलींच्या शाळेनं पोशाखाच्या बाबतीत कडकच राहिलं पाहिजे. ओढणी दोन्ही खांद्यांवर पिना मारून नीट बसवलेली हवी, दोन वेण्या वर बांधलेल्या हव्यात, रिबीन ठरल्या रंगाचीच हवी, कमीज गुडघ्याखाली हवी. जी ऐकणार नाही तिला दारातून परत पाठवा, म्हणजे दुसऱ्या दिवशी सगळ्या सुतासारख्या सरळ येतील. आणि हे सगळं मुलींच्याच भल्यासाठी.

हे मत मांडणारी माणसं दुष्ट नाहीत. त्यांतले कित्येक जण लेकीला बारावीपर्यंत तरी शिकवायचंच म्हणून रानात राबतात, उसनवारी करतात. शाळेतल्या ज्या बाई दारात उभ्या राहून रिबिनी तपासतात, त्याच बाई परीक्षेच्या आधी मुलींना जादा तास घेऊन शिकवतात. म्हणूनच त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ आहे. त्यांना मुलींचं भलं हवं आहे यावर माझा विश्वास आहे. त्यासाठी त्यांनी निवडलेली वाट मात्र मला साफ चुकीची वाटते.

आधी माझी बाजू सांगते. गणवेश असावा. पण मुलीच्या अंगावर घातलेल्या प्रत्येक नियमाला एकच प्रश्न विचारावा: यानं ती शाळेत टिकते का? तिला बसता, पळता, सायकल चालवता येते का, महिन्याचे चार दिवस निर्धास्त शाळेत येता येतं का? ओढणीची सक्ती, पांढरी सलवार आणि रिबिनीवरून घरी पाठवणं या तिन्ही गोष्टी या प्रश्नापुढे उभ्या राहू शकत नाहीत.

गणवेशानं गरीब-श्रीमंत भेद झाकला जातो, जात कपड्यावरून ओळखू येत नाही, हे म्हणणं मला मान्य आहे. ज्या गावात दुसऱ्याचे जुने कपडे वापरून पोरं मोठी झाली, तिथे शाळेचा नवा कोरा ड्रेस ही किती मोठी गोष्ट असते हे कुणी मला शिकवायला नको. सरकारनंही हे ओळखलं. समग्र शिक्षा अभियानातून सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतल्या पहिली ते आठवीच्या सगळ्या मुलींना वर्षाला दोन गणवेश मिळतात, त्यासाठी प्रत्येकी 300 याप्रमाणे 600 रुपये धरलेले असतात. महाराष्ट्रात 2023-24 पासून राहिलेल्या मुलांनाही यात घेतलं. चांगलंच झालं.

पण ही मदत आठवीला थांबते आणि नेमका नववीपासून पोशाखाचा काच वाढतो. नववीतल्या मुलीला कापड, शिलाई, ओढणी, बूट, रिबिनी असं सगळं घरच्या पैशानं घ्यावं लागतं, आणि त्याच वर्षी तिच्या ओढणीकडे शाळेचं, शेजाऱ्यांचं, भावकीचं लक्ष वाढतं. घरात लग्नाची कुजबुजही त्याच सुमारास सुरू होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी जवळपास 22 टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं, आणि मराठवाड्यातले परभणी, बीडसारखे जिल्हे या यादीत फार वर होते. आपला धाराशिव तर केंद्र सरकारच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. इथे नववीतली मुलगी शाळेत येणं हीच एक झुंज असते. अशा मुलीला रिबीन काळी आहे म्हणून दारातून परत पाठवताना आपण तिच्या घरी काय निरोप धाडतो याचा विचार व्हायला हवा. शाळा बुडाली तरी फारसं बिघडत नाही, असाच तो निरोप असतो. ज्या घराला तिची शाळा बंद करायला निमित्तच हवं होतं, त्या घराच्या हातात ते आपण आणून देतो.

कायदाही इथे मुलीच्या बाजूचा आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या 17 व्या कलमानं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई केली आहे. प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही, असं त्याच्या आधीचं कलम सांगतं. परिपाठाला सगळ्यांसमोर उभं करून केसांवरून, टिकलीवरून बोलणं हा छळ नाही, असं म्हणणाऱ्यानं स्वतः एकदा तिथे उभं राहावं.

शिस्तीचा मुद्दा मी लवकर आटोपते, कारण त्यात फारसा जीव नाही. वेळेवर येणं, गृहपाठ करणं, दुसऱ्याचं ऐकून घेणं, ही शिस्त. रिबिनीच्या रंगाचा आणि यातल्या कशाचाही संबंध मला आजवर कुणी दाखवून दिलेला नाही.

पांढऱ्या सलवारीबद्दल मात्र सविस्तर बोललं पाहिजे, कारण ज्या समित्यांनी हा रंग वर्षानुवर्षं ठरवला त्यांत ती सलवार घालणारी एकही जण नव्हती. आपल्या भागात उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. पाऊस हुकला की हंडाभर पाण्याचा हिशोब ठेवणाऱ्या घरात पांढरा कपडा रोज पांढरा ठेवायचा म्हणजे काय, हे विचारा त्या मुलीच्या आईला. काळ्या मातीचा रस्ता, पावसाळ्यात चिखल, घोट्यापर्यंत शिंतोडे. धुतलेली सलवार पावसात वाळत नाही म्हणून चुलीजवळ धरावी लागते. हे झालं धुण्याचं.

त्याहून वाईट म्हणजे पाळी. पांढरी सलवार घातलेली मुलगी त्या दिवसांत बाकावरून उठताना आधी मागे हात लावून बघते, मैत्रिणीला हळूच विचारते, कमीज ओढून धरते. फळ्यावर गणित सोडवायला बोलावलं तर येत असूनही येत नाही म्हणते. खेळाच्या तासाला पोट दुखतंय सांगून कडेला बसते. काही जणी ते दोन-तीन दिवस शाळेतच येत नाहीत, आणि हजेरीपटावर त्याचं कारण कुणी लिहीत नाही. राज्य सरकारनं 8 मार्च 2018 ला अस्मिता योजना आणली, जिल्हा परिषद शाळांतल्या मुलींना आठ पॅडचं पाकीट 5 रुपयांत देण्याची. पॅड देणाऱ्या सरकारनं आणि ते स्वागतानं वाटणाऱ्या शाळांनी सलवारीचा रंग गडद करायला एवढी वर्षं का लावावीत? त्याला तर वेगळा निधीसुद्धा लागत नाही. जुलै 2025 मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या शहापूरमध्ये स्वच्छतागृहात रक्ताचे डाग दिसले म्हणून एका शाळेत मुलींचे कपडे उतरवून तपासणी झाल्याची तक्रार आली आणि मुख्याध्यापिकेला अटक झाली. तो प्रकार टोकाचा होता, पण ज्या नजरेतून तो घडला ती नजर अनेक शाळांत आहे: मुलीचं अंग म्हणजे तपासायची, सांभाळायची, लपवायची गोष्ट.

आता येते सुरक्षितता. सगळ्यात जास्त वेळा दिलं जाणारं आणि सगळ्यात कच्चं कारण. ओढणी नीट असली की मुलीकडे कुणी वाकड्या नजरेनं बघत नाही, असं म्हणतात. शाळेच्या वेळेला बेंबळीच्या रस्त्यावर थोडा वेळ उभं राहून सायकलवरून येणाऱ्या मुली बघा. चाकात किंवा चेनमध्ये जाऊ नये म्हणून त्यांनी ओढणी खांद्यावरून तिरपी घेऊन कमरेला घट्ट गाठ मारलेली असते. अडकून पडायचं नसेल तर दुसरा इलाज नसतो. शाळेच्या फाटकाशी आल्यावर त्या सायकलवरून उतरतात, गाठ सोडतात, चुरगळलेली ओढणी हातानं सरळ करतात, दप्तराच्या कप्प्यातून पिना काढून दोन्ही खांद्यांवर मारतात आणि मग आत जातात. म्हणजे ज्या रस्त्यावर पुरुषांची वर्दळ असते तिथे ओढणी कमरेला असते आणि कुणाचं काही अडत नाही. जिथे आवारात सगळ्या मुलीच आहेत तिथे मात्र ती पसरून बसवलीच पाहिजे. हा नियम नजरेपासून वाचवण्यासाठी असता तर तो उलटा असायला हवा होता.

शिवाय कपड्यावरून गुन्हा ठरतो हे म्हणणंच अंगावर काटा आणणारं आहे. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेत ज्या दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाला त्या बालवर्गातल्या होत्या. त्यांच्या पोशाखात कुणी काय दोष काढणार? त्यांना वाचवू शकली असती ती देखरेख, तक्रार करायची जागा, आणि तक्रार ऐकून घेणारी मोठी माणसं. राज्य सरकारनं 2022 मध्येच शाळाशाळांत सखी सावित्री समित्या स्थापन करायला सांगितलं होतं. आपल्या मुलीच्या शाळेत ती समिती आहे का, तिची बैठक शेवटची कधी झाली, तक्रारपेटीची किल्ली कुणाकडे असते, हे प्रश्न पालकसभेत किती जण विचारतात? ओढणीवर जेवढं बोलणं होतं त्याच्या दहाव्या हिश्शानं जरी या समितीवर झालं असतं तरी मुली जास्त सुरक्षित असत्या. एसटीत कुणी त्रास दिला तर घरी सांगायची मुलींना भीती वाटते, कारण पहिला प्रश्न येतो, तुझी ओढणी कुठं होती. या एका प्रश्नानं त्रास देणारा सुटतो आणि मुलीची शाळा बंद होते.

कोर्टांपर्यंत गेलेल्या प्रकरणांकडे बघितलं तर हा गोंधळ आणखी उघडा पडतो. वीसेक वर्षांपूर्वी मुंबई उच्च न्यायालयासमोर शाळेच्या फक्त मुलींच्या विभागात शिकणाऱ्या एका मुस्लिम विद्यार्थिनीचं प्रकरण आलं होतं. डोक्यावर रुमाल बांधू द्यावा ही तिची मागणी न्यायालयानं मान्य केली नाही; तिथे सगळ्या मुलीच असताना डोकं झाकण्याची गरज उरत नाही, असा तर्क त्यात होता. तो तर्क खरा मानला तर मुलींच्या शाळेत ओढणीची सक्ती कोणत्या आधारावर उभी राहते? एका मुलीला सांगायचं, इथे सगळ्या मुली आहेत, काढ. दुसरीला सांगायचं, इथे सगळ्या मुली असल्या तरी घाल. दोघींना विचारत मात्र कुणीच नाही. 2024 मध्ये चेंबूरच्या आचार्य-मराठे महाविद्यालयानं हिजाब, नकाब, बुरखा, टोपी, बॅज या सगळ्यांवर बंदी घातली. उच्च न्यायालयानं 26 जूनला विद्यार्थिनींची याचिका फेटाळली, आणि 9 ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयानं हिजाब, टोपी आणि बॅजवरच्या बंदीला अंतरिम स्थगिती दिली. वर्गात बुरखा नको, एवढं कायम ठेवलं. मग टिकली आणि टिळा लावणाऱ्यांनाही अडवणार का, असं न्यायमूर्तींनी तिथे विचारलं. हिजाबवर माझ्याशी असहमत असणारे वाचक असतील, त्यांना मी एवढंच म्हणेन की कर्नाटकातल्या उडुपीपासून चेंबूरपर्यंत हिजाबच्या प्रत्येक वादात बुडाले ते मुलींचेच तास आणि परीक्षा.

आपल्याच जिल्ह्यातलं एक उदाहरण तर सगळ्यांच्या आठवणीत असेल. 18 मे 2023 ला तुळजापूरला तुळजाभवानीच्या मंदिरात फलक लागले, की अंगप्रदर्शन करणारे, अशोभनीय कपडे, हाफ पँट, बर्मुडा घातलेल्यांना आत प्रवेश नाही. लोक संतापले, बातम्या झाल्या आणि काही तासांत तो निर्णय मागे घेतला गेला. पुढच्या वर्षी, 15 मार्च 2024 ला, शिक्षकांनाच पोशाखाचा शासन निर्णय लागू झाला: बाईंनी साडी किंवा सलवार-कुर्ता-दुपट्टा, सरांनी खोचलेला शर्ट, जीन्स आणि टी-शर्ट नको. शिक्षकांमधून लगेच नाराजी उमटली, काय घालायचं ते आम्हाला कळतं, असं ते म्हणाले. बरोबरच म्हणाले. मोठ्या माणसांना पोशाखाचा हुकूम सोसला जात नाही आणि त्यांच्यापाशी तो परतवण्याची ताकदही असते. नववीतल्या मुलीपाशी ती नसते. तिच्यासाठी कुणी मोर्चा काढत नाही, म्हणून तिच्यावरचा नियम पिढ्यान् पिढ्या टिकतो. ज्या बाईंना आपल्या साडी-ड्रेसवरचा सरकारी हुकूम खुपला त्यांनी त्या दिवशी वर्गातल्या मुलींकडे बघायला हवं होतं.

आता विरोधकांचा सगळ्यात वजनदार मुद्दा. ते म्हणतात, बाई, तुम्ही लिहायला मोकळ्या आहात. ओढणी नसेल तर बापच मुलीला शाळेत पाठवणार नाही. वाडी-वस्तीवरच्या घरांना शाळेवर भरवसा हवा असतो, आणि तो भरवसा या पोशाखातून येतो. हे मी हसण्यावारी नेणार नाही. यात तथ्य आहे. मुलींचं शिक्षण खेड्यात अशाच तडजोडींतून पुढे सरकलं. परकर-पोलक्यातून स्कर्ट-ब्लाऊज आला, मोठ्या मुलींसाठी पंजाबी ड्रेस आला. एकेकाळी गावाला पंजाबी ड्रेसही नको होता, तो शहरी थेर वाटायचा. तरी शाळांनी आणि आयांनी तो रुळवला, कारण त्यात मुलीला सायकल चालवता येत होती आणि बापाची कुरबुरही कमी होती. आज तोच पोशाख परंपरा म्हणून सांगितला जातो. म्हणजे बापाची मर्जी कायमची ठरलेली नसते, ती बदलते, आणि ती बदलण्यात शाळेचा मोठा वाटा राहिला आहे. आज शाळेनं तो वाटा उचलायचा की बापाच्या भीतीला नियमाचं रूप द्यायचं, हा प्रश्न आहे.

शिवाय मी ओढणीवर बंदी मागतच नाही. जिला हवी तिनं घ्यावी, जिच्या घरी त्यावाचून चालत नाही तिनंही घ्यावी. सक्ती तेवढी काढा. एका बापाची भीती सगळ्या वर्गाच्या खांद्यावर पिना मारून बसवायचं कारण नाही. केरळमध्ये कोझिकोड जिल्ह्यातल्या बालुसेरीच्या सरकारी मुलींच्या शाळेनं डिसेंबर 2021 मध्ये अकरावीच्या मुलींसाठी शर्ट-पँट हा गणवेश केला. त्यावर काही संघटनांनी विरोध केला, मोर्चे निघाले. मुलींनी मात्र पळायला, बसमध्ये चढायला सोपं जातं म्हणून आनंदानं स्वीकारला. आपल्याकडे उद्या पँटचीच सक्ती झाली तर मी त्याविरुद्धही लिहीन. कारण तिथेही मुलीला न विचारता ठरवणं आलंच.

न विचारता ठरवलं की काय होतं ते सरकारनं अलीकडेच करून बघितलं. 2024-25 साठी सगळ्या राज्याला एकच गणवेश, कापड मध्यवर्ती खरेदीचं आणि शिलाई बचत गटांकडून, अशी योजना आली. 40 लाखांहून जास्त लेकरं. जूनमध्ये शाळा भरल्या, 15 ऑगस्टचं झेंडावंदन झालं, तरी कित्येक शाळांत गणवेश पोहोचले नव्हते. पोहोचले त्यांतले काही सैल, काही आखूड, कापडाच्या तक्रारी वेगळ्याच. शेवटी डिसेंबर 2024 मध्ये सरकारनं पाऊल मागे घेतलं आणि 2025-26 पासून गणवेशाचा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिला. मुंबईत बसून बेंबळीच्या मुलीचं माप घेता येत नाही, हे मान्य झालं. त्या फसलेल्या योजनेत एक गोष्ट मात्र बरोबर होती, मोठ्या मुलींची सलवार गडद निळी होती.

आता चेंडू गावाच्या कोर्टात आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असं कायदाच सांगतो. त्या निम्म्या स्त्रियांनी सह्या करून घरी जाऊ नये. कापडाचा नमुना निवडायच्या आधी सहावी ते दहावीच्या मुलींना बाईंनी एका तासापुरतं वर्गात बसवून विचारावं, सर बाहेर थांबतील तर बरं. सलवार गडद रंगाची. कमीजला दोन्ही बाजूंनी खिसे, पॅड, बसचा पास आणि दहा-वीस रुपये मावतील एवढे खोल. मुलांच्या पँटला चार खिसे शिवणारा गावातला टेलर ते सहज शिवून देतो. खेळाच्या तासाला ट्रॅक पँट. ओढणी ऐच्छिक. रिबीन कोणत्याही रंगाची, किंवा नाहीच. नववी-दहावीच्या ज्या मुलींना सरकारी गणवेश मिळत नाही त्यांच्यासाठी ग्रामपंचायतीनं किंवा माजी विद्यार्थ्यांनी वर्गणीतून कापड घ्यावं. आणि पोशाखावरून कोणत्याही मुलीला फाटकातून परत पाठवायचं नाही, असा ठराव समितीच्या वहीत तारखेसह लिहून, वाचून दाखवून, मुख्याध्यापकांची सही घ्यावी. पुढची बैठक पेरण्या आटोपल्यावर होईल. विषयपत्रिका आत्ताच मागून घ्या.